आराखडा खुला, चाचणीही खुली

मार्च २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, उत्तर इटलीत ब्रेशाजवळच्या कियारी इथल्या रुग्णालयात व्हेंचुरी झडपांचा तुटवडा पडला. ही झडप म्हणजे दिसायला प्लास्टिकचा साधा तुकडा. अरुंद छिद्रातून ऑक्सिजन वेगाने सुटतो, त्या झोताबरोबर बाजूच्या फटींतून खोलीतली हवा आत ओढली जाते आणि रुग्णाला दोन्हींचं ठरावीक प्रमाणातलं मिश्रण मिळतं. छिद्राचं माप चुकलं की प्रमाणही चुकलं. इसिनोव्हा या छोट्या कंपनीच्या क्रिस्तियान फ्रकासी यांनी मूळ झडप मोजून थ्रीडी प्रिंटरवर तशाच झडपा बनवून दिल्या.

लगेचच या मंडळींनी स्नॉर्कलिंगचा (पाण्यात तोंड बुडवून पोहताना घालायचा) मुखवटा श्वसनयंत्रणेला जोडणारी ‘शार्लट’ झडप आखली आणि तिची फाइल सर्वांना मोफत दिली. पेटंट घेतलं, पण ते दुसऱ्या कुणी त्यावर पैसे उकळू नयेत म्हणून. सोबत स्पष्ट बजावलं होतं: ही जोडणी प्रमाणित नाही, दुसरा इलाजच नसेल तर आणि रुग्णाची लेखी संमती घेऊनच वापरा. मला फाइलपेक्षा ही सूचना जास्त मोलाची वाटते.

कारण छापता येणारी प्रत्येक गोष्ट वापरण्याजोगी नसते. त्याच महिन्यात चेक प्रजासत्ताकातल्या योसेफ प्रूशा यांच्या कंपनीने फेस शील्डच्या पट्टीचा आराखडा खुला केला आणि जगभरचे हौशी लोक ती छापू लागले. हे जमलं, कारण पट्टी थोडी वाकडी निघाली तर कपाळाला टोचेल, एवढंच. एन-९५ मास्कचं तसं नाही. त्यातलं खरं काम विद्युतभारित, अतिसूक्ष्म धाग्यांचा थर करतो. प्रिंटरवर निघतं ते फक्त कवच. व्हेंटिलेटर तर आणखी नाजूक प्रकरण. रुग्णाला हवा देणारा फुगा दाबायला मोटर कुणीही बसवेल, पण कडक झालेल्या फुप्फुसात दाब जरा जास्त झाला तर तिथल्या नाजूक पेशींना इजा होते. त्या वर्षी व्हेंटिलेटरचे आराखडे भरपूर आले. त्यातले फारच थोडे रुग्णापर्यंत पोहोचले. पोहोचले नाहीत हे एका परीने बरंच झालं.

मग भरवसा ठेवायचा कशाच्या जोरावर? याचं उत्तर गाझामध्ये काम केलेले कॅनडाचे डॉक्टर तारिक लुबानी यांच्या ‘ग्लिया’ या खुल्या आराखड्यांच्या वैद्यकीय उपकरणांच्या प्रकल्पात सापडतं. गाझात स्टेथोस्कोप इतके अपुरे होते की डॉक्टरांना रुग्णाच्या छातीला थेट कान लावावा लागे. भाच्याचा खेळण्यातला स्टेथोस्कोप पाहून लुबानींना वाटलं, हे आपल्यालाही बनवता येईल. पण छापून ते थांबले नाहीत. पाण्याने भरलेल्या फुग्यातून वेगवेगळ्या कंप्रतेचे आवाज पाठवून त्यांच्या गटाने आपला स्टेथोस्कोप नामांकित ‘लिटमन कार्डिऑलॉजी ३’शी ताडून पाहिला. दोन्हींची ध्वनिक्षमता सारखीच निघाली. ही मोजणी २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’ या शोधपत्रिकेत छापून आली. बनवण्याचा खर्च होता जेमतेम ५ डॉलरपर्यंत.

चाचणीची रीतही आराखड्याइतकीच खुली असल्याने ती दुसरीकडे कुणालाही पुन्हा करता येते. आणि ती करावीच लागते. हे भाग आतून पूर्ण भरीव छापा, असं ग्लियाच्या सूचनांत आहे. प्लास्टिक वाचवायला कुणी आत पोकळ जाळी ठेवली, तर स्टेथोस्कोप दिसेल हुबेहूब. ऐकू मात्र नीट येणार नाही.