डिजिटल सही म्हणजे कुलूप नव्हे

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या देवस्थानात महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांची, यादी ईमेलने पाठवायची ठरली, तेव्हा खजिनदारकाका म्हणाले, "डिजिटल सही केलीय ना? मग दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही." हा समज मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक खाजगी माहिती बिनधास्त पाठवतात, याची मला खरंच काळजी वाटते.

सही मजकूर लपवत नाही. जीपीजीसारख्या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्रामला सही करायला सांगितलं, की तो आधी फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठरावीक लांबीचा ठसा, काढतो. फाइल केवढीही असो, एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला हॅश २५६ बिटांचाच. त्या हॅशवर तुमच्या खाजगी किल्लीने, म्हणजे फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त आकड्याने, सही होते. वेगळी सही मागितली तर शेजारी एक छोटी फाइल तयार होते. मूळ यादी होती तशीच, कोणीही उघडावी.

काकांसमोरच यादीतल्या वर्गणीचा ५०१ चा आकडा ५०७ केला आणि सही तपासायची कमांड दिली. लगेच उत्तर आलं: 'बॅड सिग्नेचर'. सहीचं काम हेच. कोणाच्या किल्लीने सही झाली आणि नंतर काही बदललं का, एवढं ती सांगते.

सही करून देणारा सर्व्हर असला तरी यात फरक नाही. कमांड जाते, सही परत येते, किल्ली मात्र सर्व्हरमध्येच राहते. मजकूर झाकायचा असेल तर घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने (त्याच्या खाजगी किल्लीची जोडीदार, जी कोणालाही देता येते) एन्क्रिप्ट करायची, म्हणजे फक्त त्यालाच वाचता येईल असा मजकूर करायची, वेगळी कमांड द्यावी लागते. आम्ही यादी शेवटी दोन्ही करून पाठवली.