नळी आधी आली, वजनकाटा नंतर

तोंड-घशाच्या कॅन्सरचा पेशंट रोडावणारच, हे इतकं गृहीत होतं की वजन मोजायची तसदी फारसं कुणी घेत नसे. पोटात अन्न पोचवायच्या खटपटी मात्र फार जुन्या. 1790 मध्ये लंडनचे सर्जन जॉन हंटर यांनी गिळता न येणाऱ्या रुग्णासाठी ईल माशाच्या कातड्याची नळी वापरली होती. आपल्या वॉर्डांतली, नाकातून जठरात सोडायची 'राईल्स ट्यूब' 1921 ची. गाईज हॉस्पिटलच्या जॉन राईल यांना जठरातला रस तपासायला बाहेर काढायचा होता, भरवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. काढायची नळी पुढे घालायची झाली. पोटातून थेट जठरात जाणारी 'पेग' 1979 मध्ये क्लीव्हलँडला आली, तीही लहान मुलांसाठी.

वजनाकडे लक्ष गेलं ते एका चिडलेल्या डॉक्टरमुळे. 1974 मध्ये अमेरिकेत चार्ल्स बटरवर्थ यांनी लिहिलं की हॉस्पिटलात भरती असलेली माणसं डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत कुपोषित होतात. चुकांच्या यादीत त्यांनी उंची-वजनाची नोंदच न करणं हेही धरलं होतं. 1980 मध्ये केमोआधीच्या 3,047 कॅन्सर रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांचं वजन आधीच उतरलं होतं, ते एकंदरीत कमी जगले होते.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये ही उतरण उपचाराआधीच सुरू होते. सुपारी-गुटख्याने जबडा आखडलेला, त्यात जखम. भाकरी कधीच सुटलेली असते. मग सहा-सात आठवड्यांत तीस-पस्तीस वेळा 'शेक', म्हणजे रेडिएशन. दोन-तीन आठवड्यांत तोंड सोलवटतं, लाळ चिकट होते, वरणातली मोहरीसुद्धा झोंबते. रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार प्लॅस्टिक मास्क करतात. पहिल्या दिवशी तो गालांवर घट्ट रुततो. गाल बसले की तोच सैल पडतो, आणि कधीकधी मास्क आणि किरणांचा सगळा आराखडा नव्याने करावा लागतो. म्हणजे वजन घटलं की फक्त अशक्तपणा येतो असं नाही, किरणांचा नेमही डळमळतो.

2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिस्बनच्या अभ्यासात रेडिएशन घेणाऱ्या अशा 75 रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला नेहमीच्याच जेवणाबद्दल आहारतज्ज्ञाचा सल्ला, दुसऱ्याला सल्ल्याशिवाय, रोजच्या जेवणाच्या जोडीला प्रोटीनची तयार पेयं, तिसरा आपल्या मनाने खाणारा. उपचारानंतर तीन महिन्यांनी सल्ल्याचा गट सगळ्यांत बरा होता. महागड्या डब्यावर आधी उडी मारणाऱ्या नातेवाइकांना मला हे नेहमी सांगावंसं वाटतं.

अर्थात घरच्या जेवणातही गोम आहे. नळीतून भरवताना ती तुंबू नये म्हणून नाचणीची पेज पातळ करायची, गाळायची, पुन्हा पाणी घालायचं. पन्नास मिलीच्या सिरिंजमधून सरसर उतरते, पोट गच्च वाटतं, आणि काटा खालीच जातो. मार्गदर्शक तत्त्वं किलोमागे 25 ते 30 कॅलरी आणि 1 ग्रॅमच्या वर, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं मागतात. म्हणजे 50 किलोच्या माणसाला दिवसाला 1,250 ते 1,500 कॅलरी. नुसत्या वरणाच्या पाण्यावर ते भागत नाही. दूध पावडर, शेंगदाण्याचं बारीक कूट, तेल-तूप त्यात मिसळावं लागतं. किती, ते आहारतज्ज्ञाला विचारूनच.