नागपूर भट्टी आहे: खरं की खोटं?

पारा ४५ च्या पुढे गेला की आमच्या नागपुरात दोन गोष्टी ठरलेल्या. कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते आणि पेपरात 'शहराची झाली भट्टी' असा मथळा येतो. गेल्या मे महिन्यात मी तोच मथळा वाचत होतो. तेवढ्यात दहावीत जाणारा भाचा बाहेरून घामाघूम होऊन आला. "मामा, बाहेर ऊन नाही, आग पडून राहिली!" म्हटलं, वा, अपन्हुती अलंकार! उन्हाला नाकारलं आणि त्याच्या जागी आग आणून ठेवली. त्याने क्लासची वही उघडून दाखवली. पहिलीच ओळ: 'अलंकार म्हणजे भाषेचे दागिने.' म्हणजे वाक्य आधी तयार, दागिना वरून घातलेला.

माझं या ओळीशी जुनं भांडण आहे.

आधी सरळ अर्थ लावायचा, तो अडला की लाक्षणिक अर्थाकडे वळायचं, हे आपल्याला अगदी पटण्यासारखं वाटतं. काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या, म्हणजे शब्दाचा सरळ सोडून दुसरा अर्थ घेण्याच्या, अटी सांगितल्या, त्यातली पहिलीच मुख्यार्थबाध: सरळ अर्थ अडला पाहिजे. 'गंगेवर गवळीवाडा' हे नेहमीचं उदाहरण. वाहत्या पाण्यावर वाडा वसणार कसा? म्हणून अर्थ घ्यायचा 'काठावर'. १९७० च्या दशकात ग्राईस आणि सर्ल हे तत्त्वज्ञही साधारण याच वाटेने विचार करत होते.

मग १९८२ मध्ये सॅम ग्लक्सबर्ग हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो इतका साधा आणि इतका बेरकी आहे की मी तो भेटेल त्याला सांगतो. पडद्यावर वाक्य येतं, तुम्ही फक्त बटण दाबायचं: शब्दशः खरं की शब्दशः खोटं. 'काही फळं सफरचंदं असतात' हे खरं. 'काही फळं टेबलं असतात' हे खोटं. मध्येच येतं, 'काही नोकऱ्या तुरुंग असतात.' शब्दशः हेही खोटंच. आणि शब्दांची अदलाबदल करून केलेलं 'काही रस्ते तुरुंग असतात', तेही खोटं.

आता पाहा. मेंदू जर आधी फक्त सरळ अर्थ लावत असता, तर नोकरीचं वाक्य आणि रस्त्याचं वाक्य नाकारायला सारखाच वेळ लागला असता. सरळ अर्थ खोटा निघाला, बटण दाबलं, काम संपलं. लाक्षणिक अर्थाची गरजच पडली नाही. प्रत्यक्षात नोकरीचं वाक्य नाकारायला लोकांना जास्त वेळ लागला. कुणी मागितलेला नसताना रूपकाचा अर्थ मनात उमटला होता. तो म्हणत होता 'खरं आहे की!', आणि बोट 'खोटं'च्या बटणावर अडखळत होतं. हिरव्या शाईत 'लाल' लिहून शाईचा रंग विचारला की जीभ अडखळते, तसंच. न वाचायचं ठरवलं तरी वाचलं जातं. तसा रूपकाचा अर्थ न लावायचं ठरवलं तरी लागतो.

म्हणजे रूपक फुकटात समजतं का? तसंही नाही. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं वाचायला दिली. पावाला लोण्याऐवजी मोजे फासले जातात असा शेवट आला की, तो शब्द दिसल्यापासून सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत ऋण दिशेने उसळी दिसते. हीच एन-४०० लहर. (आलेखात ऋण बाजू बऱ्याचदा वर काढतात, पहिल्यांदा पाहणारा हमखास फसतो.) शब्दाचा अर्थ मागच्या संदर्भात बसवायला जितके कष्ट, तितकी उसळी मोठी. रूपकाने संपणाऱ्या वाक्यात ती सरळ वाक्यापेक्षा मोठी आणि निरर्थक वाक्यापेक्षा लहान आढळते. पण वेळ तीच, चारशेच्या आसपास. आधी एक पायरी, मग दुसरी, असं तिथे दिसत नाही.

हे 'उजव्या मेंदूचं' काम, असंही लोक ठामपणे सांगतात. उजवा मेंदू जागवून मुलांना सर्जनशील करून देणाऱ्या शिबिरांची पत्रकं आमच्या गल्लीतही येतात. २००४ मध्ये जर्मन वाक्यांवर केलेल्या एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते दाखवणारं स्कॅन) प्रयोगात रूपकं वाचताना सर्वांत ठळक हालचाल डाव्या बाजूला, कपाळामागच्या खालच्या भागात दिसली होती. शिबिराची फी वाचवा आणि मुलांना तर्री-पोहे खाऊ घाला.

मम्मटाला मात्र मी चुकीचा म्हणणार नाही. त्याच्या हातात घड्याळ नव्हतं. तो अर्थाचं तर्कशास्त्र मांडत होता. शिवाय लक्षणेचे रूढी आणि प्रयोजन असे दोन आधार सांगून त्याने मोठी गोष्ट हेरली. 'कुशल' म्हणजे मुळात कुश नावाचं गवत कापून आणणारा. हात न कापता ते आणणं कसबाचं काम, म्हणून कुशल म्हणजे निपुण. आज हा शब्द वापरताना गवत कुणाला आठवतं? ब्रायन बाउडल आणि डेड्रे जेंटनर यांनी २००५ मध्ये मांडलेला सिद्धांत याच्या जवळ जातो: नवं रूपक आपण दोन गोष्टींची तुलना करून समजून घेतो, वापरून गुळगुळीत झालेलं मात्र एखाद्या तयार प्रकाराच्या नावासारखं उचलतो. म्हणून नव्या कल्पनेला 'सारखा' लावलेला बरा वाटतो, जुनीला त्याची गरज उरत नाही.

भाच्यावर मी मोबाइलच्या स्टॉपवॉचने प्रयोग करून पाहिला. शास्त्रीयदृष्ट्या तो निकामी, कारण मोजायचा फरक सेकंदाच्या छोट्याशा अंशाचा आणि माझ्या अंगठ्याची चूक त्याहून मोठी. तरी विचारलं, "नागपूर भट्टी आहे. शब्दशः खरं की खोटं?"

तो थांबला. कूलरकडे पाहिलं. "मेमध्ये की डिसेंबरात?"