दमणे आणि विटणे

कापड मळले तर ते धुवावे लागते आणि धुतले की पूर्ववत होते. पण कापड विटले, म्हणजे त्याचा रंगच उडाला, तर प्रत्येक धुण्यागणिक ते अधिक फिके पडते. माणसाच्या थकव्याचीही अशीच दोन रूपे आहेत. मराठीने त्यांना दमणे आणि विटणे ही दोन वेगळी क्रियापदे दिलेली असूनही आपण दोन्ही वेळा सरसकट ‘थकलो’ म्हणून मोकळे होतो आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर करत राहतो.

माझ्या ओळखीच्या एक मराठीच्या शिक्षिका सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिवाळीच्या सुट्टीत घरी आणून तपासत असत. पूर्वी हे काम करताना त्यांची मान आखडायची, डोळे चुरचुरायचे आणि लाल पेन हातात धरूनच खुर्चीत डुलकी लागायची. तरीही ‘पोटात कावळे ओरडणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ कोणी ‘अपचन होणे’ असा लिहिलेला सापडला, की तो पेपर घेऊन त्या स्वयंपाकघरात जात आणि सगळ्यांना वाचून दाखवत. त्या दमलेल्या होत्या. दोन दिवस दुपारची झोप मिळाली की गठ्ठा पुढे सरकायचा. काही वर्षांनी मात्र असेच एखादे उत्तर समोर आले, तर त्यावर फुली मारून त्या मुकाट्याने पान उलटू लागल्या. झोप पुरेशी होत होती, मानही दुखत नव्हती, आणि शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी पोटात गोळा येत होता. दोन्हींमधला फरक ओळखायचा असेल, तर विश्रांतीच्या आधी किती थकवा होता हे पाहण्यापेक्षा विश्रांतीनंतर कामाकडे परतताना मनात काय येते, हे पाहावे.

मानसोपचारात या दुसऱ्या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात. 1974 मध्ये न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी तिचे वर्णन केले, ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांना, आणि त्यांच्यातच असलेल्या स्वतःला, पाहून. मुळात ज्याला कामाची ओढच नव्हती, तो सहसा विटत नाही. ज्याचा रंग गडद होता, त्याचाच उडालेला दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटची गणना आजारात केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी अवस्था, अशी त्याची व्याख्या आहे आणि अंगातली शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना, ही तिची तीन लक्षणे सांगितलेली आहेत. ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरतीच मर्यादित आहे, हे मला खटकते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सगळे वर्षानुवर्षे करणारी सून तीत बसत नाही; ‘मी अगदी विटून गेले हो’ या तिच्या वाक्यात मात्र तिन्ही लक्षणे असतात.

दमलेल्या माणसाची इच्छा शाबूत असते, केवळ शरीर साथ देत नाही. त्याला सात-आठ तासांची झोप, वेळेवर जेवण आणि एखादा मोकळा रविवार द्यावा, एवढे पुरते. अशा माणसाने रात्री अकरा वाजता प्रेरणादायी व्हिडिओ पाहत बसणे म्हणजे होती ती झोपही घालवणे होय. विटलेल्या माणसाला तर तेच व्हिडिओ टोमण्यासारखे लागतात. त्याने महाबळेश्वरला चार दिवस जाऊन यावे, जरूर जावे. पण परतल्यावर तेच काम त्याच अटींवर समोर असेल, तर चार दिवसांत आलेली टवटवी आठवडाभरही टिकत नाही. ख्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या संशोधकांनी विटण्याची मुळे सहा ठिकाणी दाखवली आहेत: कामाचा बोजा, त्यावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय आणि मूल्ये. यांपैकी बोजा सोडला, तर एकाही बाबीवर झोप हा उपाय नाही.

त्या शिक्षिकांनी विचार केला, तेव्हा शिकवण्याचा त्यांना वीट आलेला नव्हताच. ऑनलाइन माहिती भरण्याचे, एकच तक्ता तीन ठिकाणी चढवण्याचे काम त्यांना खात होते. त्यांनी मुख्याध्यापकांकडे तेवढीच मागणी केली. सगळे नाही, पण निम्मे काम दुसऱ्याकडे गेले, आणि वाचलेल्या दोन तासिकांत त्यांनी आठवीच्या मुलांचे हस्तलिखित काढायला घेतले. पहिल्या आठवड्यात त्यांना त्याचाही उत्साह नव्हता. उत्साह येईल तेव्हा बसू, असे त्या म्हणाल्या असत्या, तर बहुधा बसल्याच नसत्या.

अर्थात, दोन्हींपैकी एक ठरवण्याआधी रक्ततपासणी करून घ्यावी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर मनाला कितीही समजावले तरी जिना चढताना धाप लागतेच. थायरॉइड आणि बी-12 यांचेही तसेच. आणि कामच नव्हे, तर गाणे, जेवण, नातवंड, काहीच गोड लागत नाही, उदासी दोन आठवडे हटत नाही किंवा जगणे नकोसे वाटते, अशी स्थिती असेल, तर ते विटण्यापलीकडचे नैराश्य असू शकते. तेव्हा डॉक्टरांना भेटावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीतूनही बोलता येते.