गिअरच्या दात्याचा फिनिश: ड्रॉइंगवर नुसते ‘०.८’ लिहून भागत नाही

बेळगावच्या आसपासच्या उद्यमबाग, मच्छे, शिनोळीच्या कारखान्यांतून आमच्याकडे ग्राइंडिंगला आणि रफनेस, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा, तपासायला गिअर येतात. ड्रॉइंगवर दात्यापाशी बहुधा ‘०.८’ एवढेच लिहिलेले असते. जुनी ड्रॉइंग असली तर नुसते तीन त्रिकोण, म्हणजे फिनिशची जुनी खूण. मग आमचा पहिला प्रश्न ठरलेला: ०.८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आरए की आरझेड?

आरए म्हणजे पृष्ठभागावरच्या चढउतारांचे मध्यरेषेपासूनचे सरासरी अंतर. आरझेड काढताना मोजलेल्या लांबीचे साधारणपणे पाच भाग करतात, प्रत्येक भागातल्या सर्वांत उंच टोकापासून सर्वांत खोल खाचेपर्यंतची उंची घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. ग्राइंडिंग केलेल्या दात्यावर आरझेड हा आरएच्या चार ते सात पटींच्या आसपास येतो, पण हे पक्के गणित नव्हे. ०.८ आरए चांगल्या ग्राइंडिंगमध्ये मिळतो. ०.८ आरझेड हवा असेल तर ग्राइंडिंगनंतर सुपरफिनिशिंग, म्हणजे आणखी बारीक घासणी, लागण्याची शक्यता मोठी, आणि तिथे दर बदलतो. म्हणून ही दोन अक्षरे ड्रॉइंगवर असलीच पाहिजेत.

शिवाय आरए सारखा असला म्हणजे पृष्ठभाग सारखा असतो असे नाही. एका दात्यावर अणकुचीदार टोके वर आलेली असतात, दुसऱ्यावर वरचा भाग सपाट आणि अधेमधे खाचा. दोघांचा आरए एकच येऊ शकतो. टोके तेलाचा थर फोडतात, खाचा तेल धरून ठेवतात. दात्यांमधला हा थर बहुधा एखाद्या मायक्रॉनचा, कित्येकदा त्याहूनही पातळ असतो. त्यामुळे दात्यावर करडे, धुरकट पट्टे उठायला लागले असतील, म्हणजे मायक्रोपिटिंग (अतिसूक्ष्म खड्डे पडणे) सुरू झाले असेल, तर नुसता आरए बघून निर्णय घेऊ नका. आरझेड आणि टोकांची उंची सांगणारा आरपीके हे दोन्ही मागा.

रफनेस मोजणारी सुई कोणत्या दिशेने फिरवली?

रिपोर्ट वाचताना आम्ही सर्वांत आधी हेच बघतो. ग्राइंडिंगचे ओरखडे बहुतेक वेळा दात्याच्या लांबीच्या दिशेने असतात. सुई त्याच दिशेने नेली तर ती ओरखड्याच्या आतूनच जाते आणि आकडा फसवा, कमी येतो. सुई ओरखड्यांना आडवी, म्हणजे दात्याच्या बुडापासून टोकाकडे न्यायला हवी. हॉबिंग केलेल्या (हॉब या फिरत्या कटरने कापलेल्या) दात्यावर मात्र फीडच्या, म्हणजे कटर पुढे सरकण्याच्या, लाटा लांबीच्या दिशेने एकामागून एक येतात, म्हणून तिथे दोन्ही दिशांनी मोजलेले बरे.

दाता लहान असला की आणखी एक अडचण येते. या फिनिशला नेहमीचा कट-ऑफ, म्हणजे मोजायच्या एका भागाची लांबी, ०.८ मिलिमीटर, असे पाच भाग म्हणजे ४ मिलिमीटर. मॉड्यूल (दात्याच्या आकाराचे माप) २ च्या दात्याची पूर्ण उंचीच साधारण ४.५ मिलिमीटर. त्यात सुई सुरू व्हायला आणि थांबायला जागा कुठून मिळणार? अशा वेळी आम्ही कमी भाग मोजतो आणि किती मोजले ते रिपोर्टवर लिहितो. कट-ऑफ ०.२५ केला तर जागा पुरते, पण लांब लाटा गाळल्या जातात आणि आकडा सहसा खाली येतो. कट-ऑफ न लिहिलेले दोन रिपोर्ट एकमेकांशी ताडून पाहू नका. आणि दाता वक्र असल्याने तो वक्र आकार हिशेबातून काढूनच रफनेस वाचावा लागतो.

किती फिनिश मागावा

साखर कारखान्याच्या मिलचे मोठे, संथ फिरणारे उघडे गिअर चांगल्या हॉबिंगवर, आरए १.६ ते ३.२ वर, नीट चालतात. त्यांना ०.४ मागणे म्हणजे पैसे वाया. बंद गिअरबॉक्समधल्या वेगवान, केस हार्डन केलेल्या (वरचा थर कठीण केलेल्या) हेलिकल पिनियनला, म्हणजे तिरप्या दात्यांच्या लहान गिअरला, मात्र ०.४ ते ०.८ योग्य. आवाजाची तक्रार असेल तर आधी प्रोफाइल (दात्याचा वक्र आकार) आणि लीड (लांबीच्या दिशेचा आकार) यांची तपासणी करून घ्या. आरशासारखा दातासुद्धा आकाराला चुकलेला असला तर आवाज करतोच.

घाईत जास्त खोल कट घेतला तर पृष्ठभाग जळतो, तिथली कठीणता उतरते आणि पुढे भेगा पडू शकतात. रफनेसच्या आकड्यात हे दिसत नाही. महत्त्वाच्या जॉबला नायटल एचिंगची, म्हणजे आम्लाने जळके डाग उघडे करणारी, तपासणी सांगा.

गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, त्यामुळे दुरुस्तीचे गिअर नेमके पावसाळ्यात येतात. खानापूरच्या बाजूच्या दमट हवेत ताजा ग्राइंडिंगचा पृष्ठभाग फार लवकर गंजतो आणि घामाच्या बोटांचे ठसेही उमटतात. आमच्याकडून गिअर गंजरोधक तेल लावून, कागदात गुंडाळून जातो. बसवायच्या दिवसापर्यंत तो तसाच राहू द्या, आणि नखाने किंवा बोटाने फिनिश बघायचा मोह टाळा.

ऑर्डरसोबत मॉड्यूल, मटेरियल, कठीणता, आरए की आरझेड, कट-ऑफ आणि गिअर कुठे, किती वेगाने चालणार हे कळवा. जुना घासलेला गिअर असेल तर तो पुसून चकचकीत न करता तसाच पाठवा. दात्यावरच्या खुणांवरून आम्हाला बरेच समजते.