जपानमधील वाढदिवस

नोकरी किंवा शिक्षणासाठी जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला वाढदिवशी पहिल्यांदा जाणवते ती मानपानाची उलटापालट. आपल्याकडे ज्याचा वाढदिवस तोच पेढे वाटतो, पार्टी देतो. तिथे तो पाहुणा असतो. मित्र त्याला जेवायला नेतात आणि बिल आपापसांत वाटून घेतात. याला ‘वारिकान’ म्हणतात. मात्र स्वतःहून तारीख सांगत फिरायची रीत नसल्याने कोणाला ठाऊकच नसेल, तर दिवस कोरडा जातो. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. एखाद्या जवळच्या सहकाऱ्याच्या कानावर आधी घालून ठेवले की पुरते. ऑफिसात गोड न्यायचेच असेल तर प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनातला न्यावा.

जन्मतारखेचा वाढदिवस जपानमध्ये तसा अलीकडचा. जुन्या ‘काझोएदोशी’ पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचे धरत आणि नववर्षाला सगळ्यांचेच वय एकदम वाढे. जन्मतारखेवरून वय मोजण्याचा कायदा १९०२ मध्ये झाला, पण लोकांच्या बोलण्यात जुनीच गणना राहिली. म्हणून १ जानेवारी १९५० पासून आणखी एक कायदा लागू करावा लागला. खरा थाट आजही ठरावीक वयांचाच. पहिल्या वाढदिवशी एक ‘शो’ (जुने जपानी माप) तांदळाची, म्हणजे सुमारे दोन किलोंची मोची (चिकट तांदूळ कुटून केलेला गोळा) बाळाच्या पाठीवर बांधतात. ‘इश्शो’ म्हणजे एक शो, आणि ‘इश्शो’ म्हणजे जन्मभरही. बाळ दोन पावलांत धपकन बसते, रडते, आणि घरच्यांना तेही शुभच वाटते. साठाव्या वर्षी ‘कानरेकी’: साठ वर्षांचे चक्र पुरे झाले म्हणून तांबडी बिनबाह्यांची बंडी आणि टोपी घालतात. साठ संवत्सरांचा हिशेब आणि साठीशांत ठाऊक असलेल्या घराला हे परके वाटत नाही.

केक किलोत मागू नये. तिथे माप ‘गो’चे, एक गो म्हणजे सुमारे ३ सेंमी व्यास. ४ गोचा (१२ सेंमी) केक दोन ते चार जणांना, ५ गोचा (१५ सेंमी) चार ते सहा जणांना पुरतो. दोन-तीन दिवस आधी नोंदवावा. दुकानदार चॉकलेटच्या पाटीवरचे नाव, मेणबत्त्यांची संख्या आणि घरी पोचायला लागणारा वेळ विचारतो. वेळ विचारतो ती बर्फाची पाकिटे किती घालायची हे ठरवायला. नाव काताकाना, म्हणजे परकी नावे लिहायच्या जपानी लिपीत लिहून न्यावे. जपानीत ‘ल’ आणि ‘र’ वेगळे नाहीत, त्यामुळे ‘लीला’ची ‘रीरा’ होते.

शाकाहाऱ्यांची अडचण मोठी. स्पंजमध्ये अंडे असतेच. मूसमध्ये (फेटलेल्या क्रीमच्या हलक्या गोड थरात) आणि अनेकदा फळांवरच्या चकाकीतही जिलेटिन असते, जे प्राण्यांपासून बनते. म्हणून नुसते ‘तामागो नाशी’ (बिनअंड्याचा) म्हणून भागत नाही, ‘झेराचिन’चेही (जिलेटिनचेही) विचारावे. ॲलर्जीवाल्यांसाठीचे बिनअंड्याचे केक बहुधा गोठवलेले येतात. ते फ्रिजमध्येच काही तास ठेवून मऊ करावेत; टेबलावर ठेवले की क्रीम खचते.

जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. गावाकडून मध्यरात्री बाराला केलेला फोन तिथे पहाटे साडेतीनला वाजतो, आणि भिंती पातळ असतात. व्हिडिओवर औक्षण करायचे तर तिथली रात्रीची साडेआठची वेळ बरी: घरी संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, आणि रात्री दहानंतरच्या गाण्यांमुळे येणारी शेजाऱ्यांची तक्रारही टळते.

जपानी वाहन परवाना असलेल्यांनी आणखी एक पाहावे: त्याची मुदत वाढदिवसानंतर एक महिन्याने संपते, आणि नूतनीकरण वाढदिवसाच्या एक महिना आधीपासून करता येते.