ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करण्याआधी : आमच्या सोलापूरकर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कार्ड घेऊन निघताना बरीच मुलं काउंटरवर विचारतात, "ह्याला ओव्हरक्लॉक करता येतंय का?" येतंय, आणि घरच्या घरी येतंय. चिपचा आणि मेमरीचा वेग कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा थोडा वाढवायचा, एवढाच त्याचा अर्थ. हाती काय लागतं तेही आधीच सांगतो : गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) मिळत असतील तर साधारण ६३-६५ होतील. तेवढ्यासाठी कार्ड धोक्यात घालू नये, म्हणून हे पत्रक.

आधी खोलीचं तापमान बघा

इंटरनेटवरचे आकडे बहुतेक थंड देशांतल्या खोल्यांमधले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर पंखा लावूनही खोली ३८ च्या खाली येत नाही. लोड (कार्डावरचं काम) तेवढाच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर खोली जितके अंश तापते जवळपास तितकेच अंश कार्डावर चढतात.

आमच्याच हातून एकदा ही चूक झाली. जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत एका ग्राहकाचं कार्ड आम्ही १२० मेगाहर्ट्झने वाढवून दिलं. तासभर टेस्ट चालवली, तापमान ७१ च्या वर गेलं नाही. एप्रिलमध्ये तो परत आला : अर्धा तास खेळलं की गेम बंद. कार्डात काही बिघाड नव्हता. वाढ १२० वरून ६० मेगाहर्ट्झवर आणली आणि सगळं सुरळीत झालं. तेव्हापासून हिवाळ्यात जमलेल्या आकड्यावर आम्ही विसंबत नाही. तुम्हीही उन्हाळ्यात, भर दुपारी चालेल तोच आकडा कायम ठेवा.

एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांना ८३ अंशांची मर्यादा कंपनीतूनच लावलेली असते. त्याच्या बरंच आधीपासून कार्ड स्वतःच १५-१५ मेगाहर्ट्झने वेग खाली आणू लागतं. म्हणजे तापलेल्या कार्डाला वरून वेग वाढवून दिला, तरी ते तो तुम्हाला देणारच नाही.

मग साफसफाई

पूर्व भागात किंवा एमआयडीसीकडे, ज्यांच्या घरात नाहीतर शेजारी यंत्रमाग आहेत, त्यांनी हे नीट वाचावं. अशा घरातलं एक कार्ड आम्ही उघडलं, तेव्हा पंखा आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) यांच्या मध्ये सुताच्या तंतूंचा थर बसला होता. बोटाने उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, टॉवेलच्या कापडासारखा मऊ. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, पण हवा आत जायला वाटच नव्हती. ओव्हरक्लॉक सोडाच, त्या कार्डाला त्याचा मूळ वेगही मिळत नव्हता.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. कार्ड तीन-चार वर्षांचं असेल तर चिप आणि हीटसिंकमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते, ती बदलून घ्या. वॉरंटी चालू असेल तर आधी तिच्या अटी बघा.

वेग वाढवायची रीत

वेग वाढवायचं आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एएमडीच्या कार्डांना त्यांच्या ड्रायव्हरमध्येच ही सोय असते. कोअर क्लॉक (चिपचा वेग) १५-१५ मेगाहर्ट्झने वाढवा आणि दर वेळी हेवन (कार्डाची टेस्ट घेणारा प्रोग्राम) किंवा तुमचा सगळ्यात जड गेम वीस मिनिटं चालवा. स्क्रीन काळी होऊन परत आली किंवा गेम आपोआप बंद झाला, तर ३० ने मागे या.

मेमरी मात्र फसवते. हल्लीची मेमरी आपल्या चुका स्वतःच पकडून तो डेटा पुन्हा पाठवते, त्यामुळे स्क्रीनवर ठिपके दिसायच्या आधीच फ्रेम कमी होऊ लागतात. आकडा वाढवला आणि फ्रेम घटल्या, तर तुम्ही हद्द ओलांडली आहे.

व्होल्टेज वाढवायच्या पट्टीला हात लावू नका. विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करायचं बटण आठवडाभर बंदच ठेवा. काही बिघडलं तर रिस्टार्टने सगळं मूळ जागी येतं. कार्डाची बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून द्यायचं काम आम्ही घेत नाही.

आमचं मत विचाराल तर

सोलापुरात ओव्हरक्लॉकपेक्षा व्होल्टेज कमी करणं जास्त कामाचं आहे. वीज आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून थोडं व्होल्टेज उतरवलं तरी फरक मोठा पडतो. आरटीएक्स ३०६० सारखं कार्ड लोडवर १.०५ व्होल्टच्या आसपास चालतं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबून येणाऱ्या आलेखात त्याला ९०० मिलिव्होल्टवर (०.९ व्होल्ट) १८०० मेगाहर्ट्झला बांधलं, तर खेळताना फरक सहसा जाणवत नाही, पण कार्ड थंड राहतं आणि पंख्याचा आवाजही उतरतो. प्रत्येक चिप वेगळी असते, तेव्हा टेस्ट इथेही करायचीच.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी आणि चादरी-टॉवेलची डिझाइन बनवणाऱ्यांनी ओव्हरक्लॉकच्या वाटेला जाऊ नये. रात्रभर लावलेलं एक्सपोर्ट पहाटे अडकलं, तर चार फ्रेम जास्त मिळून काय उपयोग? लॅपटॉपवालेही यात पडू नका. त्याची साफसफाई तेवढी वेळच्या वेळी करून घ्या.

विजेचंही बघून घ्या. ३०६० एकटं १७० वॅट घेतं आणि त्यासाठी ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) लागतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. खेळताना लाइट गेली की तो ओव्हरलोड होऊन कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो आणि नावं मात्र कार्डाला ठेवली जातात. जुन्या वाड्यातली वायरिंग असेल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

दुकानात येताना नुसतं कार्ड आणू नका, कॅबिनेट आणा. आफ्टरबर्नरचे सगळे आकडे दिसतील असा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि बंद पडलं तेव्हा खोलीत कूलर चालू होता की नाही, तेही सांगा.